अवयव हाती नसतानाही

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली आणि दोनशेहून अधिक वर्षे ती त्या यादीत राहिली. मोठ्या संख्यांविषयीचे बरेचसे गैरसमज या एकाच संख्येवर तपासून पाहता येतात.

पहिला गैरसमज सोपा आहे: घातांक मूळ असला की २ च्या त्या घातातून १ वजा करून येणारी संख्याही मूळच असणार. २, ३, ५, ७ या घातांकांना ३, ७, ३१, १२७ मिळतात, म्हणून तसे वाटते. पण ११ ला २०४७ येते आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. उलट बाजू मात्र पक्की आहे. घातांक संयुक्त असेल तर संख्या संयुक्तच.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे. संख्या संयुक्त आहे म्हणता, मग अवयव दाखवा, असे शाळेपासून आपल्या मनात बसलेले असते. गणिती एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये एकही अवयव हाती नसताना २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नसल्याचे दाखवले. त्यांच्या विचारातून आलेली आणि पुढे गणिती लेमर यांनी घासूनपुसून घेतलेली चाचणी कोणालाही करून पाहता येते. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि त्या बाकीवर पुन्हा हेच करा. ३१ साठी ४ वरून १४, १४ वरून ८, ८ वरून शून्य. घातांक ५, म्हणून पायऱ्या तीन. शेवटी शून्य आले, म्हणून ३१ मूळ. घातांक ६७ असलेल्या आपल्या संख्येसाठी अशा ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. एवढ्यावर निकाल लागतो, पण अवयवांचा मागमूसही मिळत नाही. मला गणितातली ही गोष्ट विलक्षण सुंदर वाटते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तर कोणत्याही संख्येसाठी मूळ की संयुक्त हे खात्रीने आणि कार्यक्षमतेने ठरवणारी पद्धत सिद्ध केली. तीही अवयव सांगत नाही.

त्या एकवीस अंकी संख्येचे अवयव सापडले १९०३ मध्ये. अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल यांनी फळ्यावर मुकाट्याने गुणाकार केला आणि टाळ्या पडल्या, ही कथा गणिती ई. टी. बेल यांनी कित्येक वर्षांनी लिहिली, म्हणून ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. कोल यांनी एकेका संख्येने भागून पाहिले असेल, ही समजूतही चुकीची. या संख्येचे वर्गमूळच सुमारे १,२१५ कोटी आहे. पण या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागले की बाकी १ उरते, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. या दोन अटींनंतर लहान अवयवापर्यंत सुमारे सव्वासात लाख उमेदवार उरतात. हाताने तेही अशक्यच, म्हणून कोल यांनी वर्गांच्या बाक्यांवरून आणखी कडक चाळणी लावली. हे सारे त्यांच्या छापील निबंधात आहे. ताळा मात्र कोणीही कागदावर करावा. उत्तर शोधणे आणि पडताळणे यांत किती अंतर आहे ते तेव्हा समजते.

अंक जास्त म्हणजे अवयव पाडणे अवघड, हेही खरे नाही. १ ते १०० चा गुणाकार १५८ अंकी आहे, पण त्याचा सर्वांत मोठा मूळ अवयव फक्त ९७. याउलट आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या १२५ अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. २०२० मध्ये ती फोडायला संगणकांचा मोठा ताफा लागला. आणि २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, तरी तिचा १ आणि ती स्वतः सोडून एकही अवयव सापडलेला नाही.