नको असलेले फोन : येतात कसे, थांबतात कसे?

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीसारख्या गावात मोसंबीच्या बागेत कुणी फवारणी करीत आहे. फोन वाजतो. आडतीवरून असेल, दवाखान्यातून असेल, असे वाटून तो हात पुसून फोन घेतो. पलीकडून त्याला कधी न पाहिलेल्या शहरातली सदनिका घेण्याचा आग्रह होतो. असे चार फोन झाले की पाचवा तो उचलत नाही. आणि नेमका तोच कामाचा असतो. नुकसान अर्ध्या मिनिटाचे आहे असे वाटते, पण खरे नुकसान फोनवरचा विश्वास उडण्याचे आहे.

अशा वेळी पहिला प्रश्न मनात येतो तो असा : माझा नंबर यांना दिला कुणी?

नंबर मिळतो कसा?

कित्येकदा तो कुणीच दिलेला नसतो. आपल्या देशात मोबाइलचा नंबर दहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ असतो. म्हणजे एकूण शक्य नंबर ४०० कोटी. चालू जोडण्या आहेत ११० कोटींहून अधिक. तेव्हा डोळे मिटून कोणताही नंबर फिरवला, तरी चारांत एकदा तो कुणाचा तरी असण्याची शक्यता आहे.

प्रत्यक्षात डोळे मिटावेही लागत नाहीत. नंबर गटागटाने वाटलेले असतात. पहिल्या चार किंवा पाच अंकांवरून मूळ कंपनी व मूळ परिमंडळ कळते. वडीगोद्रीचे नंबर 'महाराष्ट्र' परिमंडळातले. त्यात गोवा येतो, मुंबई मात्र वेगळी. पहिले पाच अंक ठरले की उरलेल्या पाच अंकांचे बरोबर १ लाख नंबर होतात. समजा, त्यांतले ७० हजार वापरात असतील, तर आपोआप फोन लावणारे यंत्र दहापैकी सात वेळा माणसापर्यंत पोचेल.

दुसरा मार्ग यादीचा. दुकानातली सोडतीची चिठ्ठी, कर्जाची चौकशी, एखादे अ‍ॅप, अशा ठिकाणी आपण नंबर लिहितो आणि तो पुढे जातो. शिवाय आपला नंबर आपल्याच फोनमध्ये असतो असे नाही. मित्राने एखाद्या अ‍ॅपला आपली नावांची वही वाचू दिली, की त्याच्यासोबत आपणही तेथे जातो. म्हणून खासगीपणा ही एकट्याने सांभाळण्याची गोष्ट राहत नाही.

एवढे फोन परवडतात कसे?

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एक कंपनी दिवसाला १०,००० फोन करते आणि हजारात एक होकार मिळतो. तिला १० गिऱ्हाईक मिळाले. उरलेल्या ९,९९० जणांचे प्रत्येकी अर्धे मिनिट गेले, तर एकूण ४,९९५ मिनिटे, म्हणजे सुमारे ८३ तास गेले. आठ तासांचे दहाहून अधिक कामाचे दिवस झाले! या वेळेची किंमत कंपनीच्या हिशेबात कोठेच येत नाही. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी मोबाइलवरून पहिले संभाषण झाले. त्यानंतर २००३ पर्यंत तर येणाऱ्या फोनचेही पैसे ग्राहकालाच पडत. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर ती गोष्ट आपणहून थांबत नाही. तेथे नियम लागतो.

नियम कसे बदलत गेले?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २००७ मध्ये 'फोन नको' म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. जाहिरातदाराने आपली यादी या नोंदवहीशी ताडून पाहायची आणि जुळणारे नंबर गाळायचे, अशी कल्पना होती. २०१० च्या नियमांनी जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले.

या पद्धतीत एक अडचण दडलेली आहे. 'नको' म्हणणाऱ्यांची यादी ही खऱ्या, चालू नंबरांचीही यादी असते! ती अयोग्य हाती पडली, तर संरक्षणाचे साधनच उपद्रवाचे साधन होईल. नंबरांऐवजी त्यांची सांकेतिक रूपे ठेवली तर? तेवढ्यानेही भागत नाही. संकेत करण्याची रीत ठाऊक असेल, तर संगणक सर्व ४०० कोटी नंबरांची सांकेतिक रूपे काढून उलटा शोध घेऊ शकतो. शक्यता मोजक्या असल्या की गुप्तता कच्ची राहते. म्हणून यादी कुणाच्या हाती न देता ताडणी दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेतच होणे हिताचे. २०१८ च्या नियमांचा रोख याच दिशेने आहे. पाठवणारा कोण, मजकूर कोणता आणि ग्राहकाची संमती आहे की नाही, यांची नोंद त्यांनी सर्व कंपन्यांच्या सामाईक खातेवहीत आणली.

मधल्या काळात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला.

पळवाट आणि उपाय

नोंदणी केलेला जाहिरातदार नियमात सापडतो. साध्या दहा अंकी नंबरावरून फोन करणारा सापडत नाही. त्याला शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे आपली तक्रार. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार फोन आल्यापासून ७ दिवसांत तक्रार करता येते. १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की अशा नंबरावर कारवाई सुरू होऊ शकते. एकाची तक्रार वाया जाते असे वाटते, पण ती पाचांतली एक असते.

नको त्या फोनांसाठी नोंदणी व तक्रार दोन्ही १९०९ वर करता येतात. 'ट्राय'च्या डीएनडी अ‍ॅपवरूनही होतात. बँका व वित्तसंस्थांच्या सेवेच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरले आहेत. आपली बँक म्हणून कुणी साध्या नंबरावरून बोलू लागला, तर सावध व्हावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी घरच्या फोनवर आठवडाभरात आलेले संदेश पाहावेत. मजकूर उतरवून घेऊ नये. फक्त पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचे अक्षर नोंदवावे. इंग्रजी 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकारी. चारही प्रकारांचा स्तंभालेख काढावा. शेवटचे अक्षरच नसलेले किंवा साध्या नंबरावरून आलेले जाहिरातीचे संदेश वेगळे मोजावेत. तक्रार करायची ती याच रकान्यातल्यांची.