शिर्डीची रांग आणि शिर्डीचे रस्ते

पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत शिर्डीचे रस्ते जागे असतात. राहाता तालुक्यातल्या या गावाला एवढी जाग येते ती श्रद्धेमुळे, हे खरेच. पण गावाच्या ठेवणीचाही त्यात वाटा आहे.

गोपाळराव बुटींच्या वाड्यात 1918 साली साईबाबांची समाधी झाली आणि वाड्याचे मंदिर झाले. द्वारकामाई, चावडी, गुरुस्थान, लेंडीबाग ही सगळी ठिकाणे तिथून चार पावलांवर. माणूस एकीकडून दुसरीकडे पायीच जातो, वाटेत पेढे घेतो, मूर्ती बघतो, चहाला थांबतो. गुरुवारी पालखी निघते तीही मंदिरातून द्वारकामाईमार्गे चावडीपर्यंतच. अंतर थोडेसे, तरी तेवढ्यात सारे गाव वाटेवर उभे असते. शहराचा जीव पादचाऱ्यांच्या वर्दळीत असतो, असे जेन जेकब्स या अमेरिकी लेखिकेने 1961 साली न्यूयॉर्कच्या वस्त्या पाहून मांडले होते. शिर्डीत ते रोज दिसते.

आता हा ओघ वळतो आहे. 26 ऑक्टोबर 2023 रोजी नवे वातानुकूलित दर्शनरांग संकुल सुरू झाले. दहा हजारांहून अधिक भाविक तिथे बसून वाट पाहू शकतात. दर्शनाचे आणि आरतीचे पास घरबसल्या मोबाइलवर काढता येतात. म्हाताऱ्या माणसांना, कडेवर मूल असलेल्या बाईला यातून मिळालेला दिलासा फार मोठा आहे. तो कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. पण दालनात बसलेला माणूस बाजारात नसतो, आणि वेळ ठरवून आलेला बहुधा वेळ ठरवूनच परततो.

प्रवासही आखडला. शिर्डीजवळच्या काकडी गावातला विमानतळ 2017 मध्ये, नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये, मुंबईची वंदे भारत फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली. सकाळी मुंबईहून निघालेला भाविक दर्शन घेऊन रात्री घरी पोहोचू शकतो. मुक्काम करायचे कारणच उरत नाही.

नुसत्या पडद्यावर गाव जगत नाही, हे शिर्डीने सोसून पाहिले आहे. कोरोनाच्या साथीत 17 मार्च 2020 ला मंदिर बंद झाले ते 16 नोव्हेंबरला उघडले. थेट प्रक्षेपणामुळे समाधीचे दर्शन घरोघरी होत होते, बाहेर मात्र हारवाल्यांपासून लॉजवाल्यांपर्यंत सगळ्यांची चूल अडली होती. साथीत आलेली मंदिरात हार-फुले नेण्यावरची बंदी पुढे लांबली, तेव्हा 2022 मध्ये विक्रेत्यांबरोबर फुले पिकवणारे शेतकरीही आंदोलनात उतरले. मंदिराच्या दारातला एक नियम आसपासच्या गावांतल्या शेतांपर्यंत पोहोचतो, तो असा.

म्हणून तंत्रज्ञानाने रांगेतला जो वेळ वाचवला, तो गावाच्या वाट्याला यायला हवा. दुपारी तीनचा पास असलेल्या कुटुंबाला तोवर बसायला सावली, प्यायला पाणी, वाहनांच्या धक्क्याविना चालायला रस्ता मिळाला, तर ते गावात रमेल. मंदिर चालवणारे साईबाबा संस्थान आणि नगरपरिषद या दोघांनी मिळून करण्याचे हे काम आहे, आणि ते संकुल बांधण्याइतके खर्चिक नाही. शिर्डीला जाणाऱ्यांनीही पास काढताना परतीची गाडी जरा उशिराची घ्यावी आणि चावडीपर्यंत पायी जाऊन यावे.