खुर्च्या मोजणारी माणसं

विधानसभेच्या प्रचारसभेला गर्दी जमायच्या आधीच मैदानात एक माणूस कॅमेरा घेऊन फिरू लागतो. भाषणाशी त्याला कर्तव्य नसतं. चित्रीकरण सुरू होताच तो तारीख, ठिकाण आणि उमेदवाराचं नाव स्वतःच्या आवाजात सांगतो. मग मांडवाचा आकार, खुर्च्या, कमानी, कर्णे, बाहेर लागलेल्या गाड्यांचे नंबर. हे व्हिडिओ सर्वेक्षण पथक. दुसरं पथक हेच चित्रीकरण थांबवत थांबवत पाहतं, खुर्च्या मोजतं आणि लेखा पथक जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे होणारी रक्कम ‘शॅडो रजिस्टर’मध्ये चढवतं.

उमेदवाराचीही वही असतेच. रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचारकाळात किमान ३ वेळा ती तपासून घ्यावी लागते. दोन वह्यांचा मेळ बसला नाही की नोटीस निघते. चहा-नाश्त्याचेही दर ठरलेले, त्यामुळे घासाघीस अगदी ताटापर्यंत पोचते. २०२२पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला मर्यादा आहे ४० लाखांची.

हे काम कष्टाचं आहे आणि कर्मचारी ते नेटानं करतात. पण वहीच्या बाहेर राहणारा पैसा फार मोठा आहे.

२००९च्या लोकसभा निवडणुकीत आपण ८ कोटी खर्च केले, असं गोपीनाथ मुंडे २०१३मध्ये जाहीर भाषणात बोलून गेले. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगानं त्यांना नोटीस बजावली.

दुसरी वाट कायद्यातच ठेवलेली आहे. हेलिकॉप्टरनं येणाऱ्या स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च पक्षाच्या नावावर पडतो. उमेदवार मंचावर बसला किंवा फलकावर त्याचा फोटो दिसला, तर सभेचा खर्च त्याच्या वहीत येतो. नुसतं चिन्ह आणि मोठ्या नेत्याचा चेहरा असला, तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार ठरतो. म्हणूनच कॅमेरावाला फलक इतक्या जवळून टिपतो. आणि पक्षाच्या खर्चाला कसलीच मर्यादा नाही! उमेदवाराची पै-पै मोजायची आणि पक्षाला मोकळं सोडायचं, हा मतदारांवर उघड अन्याय आहे.

त्या पक्षांकडे पैसा येतो कुठून? सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ला निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा कुठे देणगीदारांची नावं बाहेर आली. लॉटरीच्या धंद्यातल्या एकट्या फ्यूचर गेमिंगनं १,३६८ कोटींचे रोखे घेतलेले होते.

उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. विधानसभेसाठी पक्षांना मुदत आहे ७५ दिवसांची, आणि तोवर मंत्रिमंडळाचा शपथविधी बहुधा उरकलेला असतो.