सुरक्षिततेची संस्कृती : नियमाकडून सहभागाकडे

डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात महत्त्वपूर्ण दुरुस्ती करण्यात आली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधित्व असलेली सुरक्षा समिती बंधनकारक ठरली. या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही समितीतील कामगार प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावी, अशी तरतूद आहे.

या तरतुदींमागे आर्थिक तर्कही आहे. सैल झालेली परांची किंवा गळकी झडप सर्वप्रथम कामगाराच्या लक्षात येते. दोष दूर करण्याचा अधिकार व निधी मात्र व्यवस्थापनाकडे असतो. हे अंतर केवळ सूचनाफलकांनी मिटत नाही. त्यासाठी कामाच्या जागीच सामूहिक उपक्रम हवेत. जपानमधील ‘किकेन योची’ पद्धतीत कामगारांचा गट कामास आरंभ करण्यापूर्वी संभाव्य धोके ओळखतो, त्यांतील गंभीर धोका निवडतो, उपाय सुचवितो आणि अखेरीस सर्वांनी पाळावयाची कृती निश्चित करतो. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदही अशाच बैठकीत घेता येते.

तथापि, धोका दाखविल्यास उद्याचे काम जाईल, अशी भीती बाळगणारा कंत्राटी मजूर मौनच पाळेल. म्हणूनच अशा उपक्रमांचे यश बैठकांच्या संख्येवरून नव्हे, तर सर्वांत दुर्बळ कामगाराने निर्भयपणे केलेल्या सूचनेवर किती तत्परतेने कार्यवाही झाली, यावरून जोखले पाहिजे.