घरातले वाय-फाय : ते अडते कोठे?

गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्याकडील एकत्र कुटुंबांत कलहाचे एक नवे कारण शिरले आहे. पूर्वी नळाच्या पाण्यावरून कुरबुर होई, पुढे दूरदर्शनसंचावरून झाली, आणि आता ती वाय-फायवरून होते. दिवेलागणीच्या सुमारास कोणत्याही सुशिक्षित घरात पाऊल टाकावे, तो "माझ्याकडे लागत नाही" आणि "माझ्याकडे तर लागले आहे" ही दोन वाक्ये कानी पडावयाचीच. मग ज्याचे लागत नाही तो अडाणी ठरतो, त्याचा लॅपटॉप जुना ठरतो, कंपनी लबाड ठरते. अखेर यंत्र दुरुस्तीवाल्याकडे जाऊन, पाचशे रुपये खर्ची पडून परत येते, आणि अडचण होती तेथेच राहते. हिंगोली जिल्ह्यातील आप्तेष्टांच्या घरचे असे तंटे शाळेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही पुष्कळ पाहिले. आमचा विषय संस्कृत, यंत्रविद्या नव्हे. परंतु या तंट्यांचा निकाल लावण्यास यंत्रविद्येपेक्षा जुन्या न्यायशास्त्राचाच उपयोग अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. वाय-फाय लागले म्हणजे इंटरनेट आले, असे बहुतेक मंडळी धरून चालतात. वस्तुतः वाट तीन टप्प्यांची आहे. लॅपटॉपापासून घरातील पेटीपर्यंतचा पहिला टप्पा बिनतारी असतो. वाय-फाय म्हणतात ते एवढेच. पेटीपासून कंपनीच्या ठाण्यापर्यंतचा दुसरा टप्पा आता बहुधा काचेच्या तंतूचा असतो, आणि त्या ठाण्यापासून पुढे जगाची वाट. पहिला टप्पा उत्तम असून दुसरा तुटलेला असेल, तर लॅपटॉपाच्या कोपऱ्यात वाय-फायचे पंख्यासारखे चिन्ह डौलाने दिसते आणि पान मात्र एकही उघडत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

तेव्हा खोट कोणत्या टप्प्यात आहे, हे ठरविणे हेच खरे काम. येथे अन्वय-व्यतिरेक कामी येतो. कारण असता कार्य घडते हा अन्वय. कारण नसता कार्य घडत नाही हा व्यतिरेक. एकेक गोष्ट बदलून पाहावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या. लॅपटॉपावर लागत नसेल, तर त्याच जागी, त्याच वाय-फायवर एखादा मोबाइल जोडून पाहावा. मात्र त्याचा स्वतःचा मोबाइल डेटा अगोदर बंद करावा. हे न केल्याने किती घरांत खोटे निकाल लागतात! मोबाइल आपल्याच डेटावर चालत असतो, आणि घरचे लोक "वाय-फाय ठीक आहे, तुझाच लॅपटॉप बिघडला" म्हणून मुलाला दोष देतात. त्यानंतर उलट बाजूने पाहावे : मोबाइलचा डेटा चालू करून त्याचा हॉटस्पॉट लावावा आणि लॅपटॉप त्यास जोडावा. घरच्या वाय-फायवर दोन्ही यंत्रे अडली, तर दोष पेटीचा अथवा कंपनीचा. मोबाइल चालला आणि लॅपटॉप दोहोंकडे अडला, तर दोष लॅपटॉपाचा. पाच मिनिटांचे हे काम. परंतु ते न करता लोक पाच दिवस वाद घालतात.

दोष पेटीकडे निघाला, तर तिच्यावरील दिवे वाचावे. काचेच्या तंतूच्या पेटीवर 'एल.ओ.एस.' अशा अक्षरांखाली तांबडा दिवा लागला वा लुकलुकू लागला, तर तंतूतून प्रकाश येतच नाही असे समजावे. कोठे रस्ता खणताना जेसीबीने तार तोडलेली असते, कोठे उंदरांनी कुरतडलेली, कोठे वानरांच्या उड्यांनी खांबावरून खाली आलेली. अशा वेळी घरात काहीही खटपट करणे व्यर्थ. तक्रार नोंदवून स्वस्थ बसावे. मात्र तार आपल्याच घरात कपाटामागे चेपली नाही ना, किंवा खिळ्याला काटकोनात वाकवून बांधली नाही ना, एवढे पाहून घ्यावे. काच फार वाकली की आतला प्रकाश बाहेर गळतो. तांबडा दिवा नसूनही काम अडले असेल, तर पेटी बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि मग चालू करावी. पेटी हाही एक लहानसा संगणकच आहे. फार दिवस अखंड चालून त्याचे हिशेब गुंततात, ते या विश्रांतीने मोकळे होतात. चालू केल्यावर तीन-चार मिनिटे वाट पाहणे मात्र अवश्य. एका मिनिटात चार वेळा खटका दाबणाऱ्यांपुढे बिचारी पेटी करणार तरी काय?

दोष लॅपटॉपाचा ठरला, तर बहुतेक वेळा तो क्षुल्लक असतो. कळफलकाच्या वरच्या ओळीत विमानाचे चित्र असलेली कळ चुकून दाबली जाते, आणि सगळे बिनतारी दळणवळण एकदम बंद पडते. दुसरे कारण खास आपल्या मराठी घरांतले. लॅपटॉपावर मराठी टंकलेखन करून उठलेल्या माणसाने कळफलक मराठीतच ठेवलेला असतो. पुढचा माणूस पासवर्ड टाकतो, तेथे ठिपकेच दिसतात, आणि ठिपक्यांआडची अक्षरे इंग्रजी नाहीत हे त्यास कळत नाही. पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचे चित्र असते, ते दाबून अक्षरे उघड वाचावी. मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांतही भेद असतो. पेटीचा पासवर्ड बदललेला असेल, तर लॅपटॉप जुनाच घोकीत बसतो. तेव्हा त्या वाय-फायच्या नावावर जाऊन 'फर्गेट' म्हणावे आणि नव्याने जोडावे. विसरण्याची आज्ञा विद्यार्थ्यास देण्याचा प्रसंग आमच्यावर चाळीस वर्षांत आला नाही. यंत्रास ती द्यावी लागते.

मोबाइलचा हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपास दिसतच नाही, अशीही तक्रार येते. वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या : एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. जुन्या लॅपटॉपास पुष्कळदा पहिलीच समजते. मोबाइलच्या हॉटस्पॉटाच्या सेटिंगांत जाऊन २.४ निवडले की नाव दिसू लागते. आणि वाय-फायचा पर्यायच लॅपटॉपावरून नाहीसा झाला असेल, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते अंग चालविणारा प्रोग्राम, हरवला असण्याचा संभव असतो. मोबाइल चार्जिंगच्याच तारेने लॅपटॉपास जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे; इंटरनेट तारेतून येते आणि ड्रायव्हर पुन्हा उतरवून घेता येतो.

एक कारण मात्र असे आहे की भल्याभल्यांस चकविते. आमच्या नात्यातील एका मुलीचा प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. शेवटचा दिवस, रात्रीचे आठ वाजलेले, मुदत मध्यरात्रीपर्यंत. वाय-फाय जोडलेले, मोबाइलवर सर्व ठीक, आणि लॅपटॉपावर मात्र प्रत्येक पानाऐवजी 'हा संपर्क सुरक्षित नाही' अशा अर्थाची सूचना. वडिलांनी कंपनीस दोष दिला, काकांनी व्हायरसचे निदान केले, आणि मुलगी रडकुंडीस आली. वर्षाचा प्रश्न होता. आम्ही पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख वाचली, तो ती कित्येक वर्षांपूर्वीची! लॅपटॉप महिनाभर बंद पडून होता, आणि घड्याळ चालू ठेवणारा आतला रुपयाएवढा सेल संपला होता. प्रत्येक संकेतस्थळाजवळ स्वतःच्या ओळखीचे एक प्रमाणपत्र असते, आणि त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. लॅपटॉपाच्या लेखी आजचा दिवस अजून उजाडलाच नव्हता, म्हणून त्यास ती सारी प्रमाणपत्रे बनावट वाटली. तारीख हाताने नीट करताच पाने उघडू लागली, आणि साडेनऊला अर्ज गेला. सेल दुसऱ्या दिवशी बदलला.

येथवर यंत्रांचे झाले. परंतु आमच्या मते मराठवाड्यातील जुन्या घरांत निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून भिंतीत असते. वाय-फायची लहर ही रेडिओचीच जातभाई आहे. आमच्या लहानपणी नुसता रेडिओ ऐकावयासदेखील टपालकचेरीतून परवाना काढावा लागे, वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी मात्र भारतात २००५ सालीच परवान्यावाचून वापरण्यास मोकळी झाली, म्हणूनच ही पेटी घरोघर आली. हिची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झची तर सहाच्या आसपास. ५ ची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हतबल होते, २.४ ची मंद, पण जरा चिवट. लाकडी दारातून दोन्ही जातात. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंतीत दोन्ही थकतात. लोखंडी कपाट, पितळी भांड्यांची मांडणी, पत्र्याचे छप्पर यांवरून त्या परततात, आणि पाण्याची टाकी त्यांना गिळून टाकते. चालू असलेली मायक्रोवेव्ह शेगडीही २.४ च्याच आसपासच्या लहरी वापरते, म्हणून तिच्या शेजारी गोंधळ होतो.

परतणाऱ्या लहरींचा प्रश्न मोठा कठीण होता. बारवेच्या पायऱ्यांवर उभे राहून कोणी भरभर बोलू लागला, तर पहिल्या शब्दाचा प्रतिध्वनी दुसऱ्या शब्दावर आदळतो आणि काही उमगत नाही. घरातील लहरींचे तसेच होते. ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधनसंस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या वर्षांत यावर तोड काढली, आणि १९९६ साली तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. एकच निरोप भरभर सांगण्याऐवजी त्याचे पुष्कळ तुकडे करून, निरनिराळ्या सुरांत, प्रत्येक सावकाश सांगावयाचा, म्हणजे प्रतिध्वनी विरून जाण्यास अवधी मिळतो. मौज अशी की, हेच ओ'सलिव्हन १९७७ च्या सुमारास आकाशात फुटणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे रेडिओ-संकेत शोधीत होते. ते संकेत सापडले नाहीत. परंतु त्या शोधात कमावलेली गणिताची हातोटी पुढे घरोघरच्या वाय-फायच्या कामी आली. आमच्या जिल्ह्यास याचे विशेष अगत्य वाटावे. कृष्णविवरांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

असो. गणिताने प्रतिध्वनी आवरला, तरी दोन हातांची भिंत काही पातळ होत नाही. वसमत येथे आमच्या भगिनीचे घर आहे, माळवदाचे, जुने. कंपनीच्या माणसाने तार ढाळजेतून आणली आणि पेटी तेथेच, दूरदर्शनसंचामागच्या कोनाड्यात बसविली. कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी भिंत! ढाळजेत बसून हळदीचे भाव पाहणारांस काही कमी पडत नव्हते. परंतु धाकट्या सूनबाई पुण्याच्या एका कचेरीचे काम घरून करीत. त्यांची खोली माजघरापलीकडे. तेथे लहर पोहोचेना, म्हणून ती बाई तान्ह्या मुलास झोपवून रात्री अकरापर्यंत जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसे. बैठकीत आवाज तुटतो, तेव्हा पुढील महिन्यापासून पुण्यासच येऊन राहावे, असे कचेरीने कळविले होते.

आमचे मेहुणे म्हणाले, "मास्तर, पेटी आत नेली तर मुले आत जाऊन बसतील. येथे डोळ्यांखाली असतात."

आम्ही म्हटले, "दाजी, मुले डोळ्यांखाली राहतात हे खरे. पण घरात पगार आणणारी सून पायरीवर बसते, ती कोणाच्या डोळ्यांखाली आहे?"

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुपारी कातरीत म्हणाले, "तार किती लागेल?"

वीस मीटर लागली. पहिली पेटी कोनाड्यातून काढून उंच फळीवर ठेवली. तिच्यापासून लॅनची तार खिडकीच्या चौकटीतून आत नेली, आणि माजघराच्या दारावर दुसरी लहान पेटी टांगली. नामदेवांसाठी औंढ्याचे देऊळ फिरले, अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. वाय-फायच्या पेटीकडून तशी कृपा संभवत नाही, ती आपणच उचलून फिरवावी लागते. सूनबाई आता आपल्या खोलीत, दार लावून काम करतात, आणि पुण्यास जाण्याचा प्रश्न उरला नाही. पासवर्डही आता एकट्या दाजींच्या खिशातील चिठ्ठीवर नसून माजघरातील दिनदर्शिकेच्या मागे लिहिलेला आहे. पेटीवर छापून आलेला मूळ पासवर्ड मात्र बदलून टाकला.

वाय-फाय बंद पडले की लोक घाईने मोबाइलवर कंपनीचा क्रमांक शोधतात, आणि तेथे ठकांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. तो गोड बोलून एखादे ॲप उतरविण्यास सांगतो. त्यातून आपला पडदा त्यास दिसू लागतो, आणि पुढे बँकेचे खाते. कंपनीचा क्रमांक बिलावरून घ्यावा, आणि ओटीपी कोणासही सांगू नये. फसगत झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितका पैसा अडविण्याचा संभव अधिक.

वीज गेली की पेटीही जाते, हे निराळे सांगावयास नको. तिला बहुधा १२ व्होल्टचीच वीज लागते, त्यामुळे तिच्यापुरती लहानशी बॅटरी बाजारात मिळते. घेताना पेटीच्या अडॅप्टरावरील व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे कागदावर उतरवून न्यावे, आणि घरात पेट्या दोन असतील तर बॅटऱ्याही दोन घ्याव्या.