बंदुकीच्या शाळेत दोन दिवस

आमच्या लहानपणी दिवाळीत मुलींना फुलबाज्या मिळायच्या आणि मुलांना टिकल्यांचं पिस्तूल. मी हट्टाने भावाचं पिस्तूल ओढून घ्यायची आणि टिकली फुटायच्या आधीच डोळे घट्ट मिटून घ्यायची. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, गेल्या फेब्रुवारीत, टेक्ससमधल्या एका माळरानावर खरं पिस्तूल हातात धरून उभी राहिले, तेव्हाही मी नेमकं तेच केलं. चाप ओढायच्या आधी डोळे मिटले. मागून प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "मॅडम, निशाण तुमच्या पुढे आहे, पापण्यांच्या आत नाही."

मंडळातल्या बऱ्याच जणांना आम्ही नवरा-बायको 'गन ट्रेनिंग'ला गेलो होतो हे कळलं आहे. कोणी हसलं, कोणी भुवया उंचावल्या, आणि तिघा-चौघांनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, "आम्हीपण विचार करतोय, कसं असतं गं ते?" त्या सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

सुरुवात झाली गेल्या दिवाळीत. आपण सगळे कार्यक्रमाला जमलो होतो त्या संध्याकाळी आपल्यातल्या दोन घरांत चोरी झाली. भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांनाही आता पाठ झालंय. एका मैत्रिणीच्या सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, त्या परत मिळाल्या नाहीत. त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याची झोप उडाली. रात्री दोनदा उठून कड्या तपासायचा. आणि एका शनिवारी तो पिस्तूल घेऊन घरी आला.

आम्ही नागरिक आहोत, त्यामुळे अडचण काही नव्हती. दुकानात फेडरल सरकारचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार पार्श्वभूमीची तपासणी करून घेतो, आणि हातात पेटी. टेक्ससमध्ये थांबायची मुदत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. (मात्र एच-वन व्हिसावरच्या मित्रांनी लक्षात ठेवावं: शिकारीचा परवाना वगैरे काही ठरावीक अपवाद सोडले, तर तात्पुरत्या व्हिसावर असताना शस्त्र जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. मित्राचं आहे, नुसतं गाडीत ठेवलंय, असली कारणं चालत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.)

मी साताऱ्याकडची. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरात बाराबोरची बंदूक होती, रीतसर परवान्याची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून यावी लागे. खंडेनवमीला आजोबा ती मधोमध उघडून, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आम्हा मुलांना दाखवायचे, "बघा, आरपार दिसतंय ना? मग आता हळद-कुंकू." एरवी बंदूक माळ्यावर कुलपात, काडतुसं आजीच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली आजीच्या कमरेला. म्हणजे बंदूक मला नवी नव्हती. पण पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये, भरलेली, कुलपाशिवाय? ते मला सहन होईना.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट होती. आमची धाकटी तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्याच्या आदल्या वर्षी, नवी शाळा सुरू झाल्यावर, ती हळूहळू मिटत गेली होती. जेवायला बाहेर येईना, मैत्रिणींचे फोन घेईना. डॉक्टर झाले, समुपदेशक झाल्या, आणि ती सावरत होती. (हे मी तिला विचारून लिहिते आहे. तीच म्हणाली, "लिही आई, लपवण्यासारखं त्यात काही नाही.") नवऱ्याला चोराची भीती वाटत होती. मला ज्या गोष्टीची भीती वाटत होती तिचं नाव मी घरात घेत नव्हते.

आठवडाभर भांडलो. शेवटी तह झाला: दोघांनी मिळून दोन दिवसांचा कोर्स करायचा आणि मग ठरवायचं. तोवर पिस्तूल दुकानातच ठेवून यायचं. दुकानदाराने कुरकुर न करता ते ठेवून घेतलं.

मग नवऱ्याची खरेदी सुरू झाली. आपला मराठी माणूस ट्रेकला निघाला तरी आधी दुकान पालथं घालतो, इथे तर काय! जाड पट्टा, मॅगझिन ठेवायचे खिसे, हातमोजे, टोपी, गुडघ्यांची पॅडं, आणि इंटरनेटवरून स्वस्तात मागवलेलं मऊ कापडाचं होल्स्टर. मी फक्त दोन वस्तू घेतल्या: डोळ्यांना चष्मा आणि कानांना इलेक्ट्रॉनिक मफ.

पहिल्या दिवशी सकाळी आठला आम्ही बारा जण जमलो. एक निवृत्त शिक्षिका, दोन नर्स, एक बापलेक, एक पाद्री. मला वाटलं होतं तसे मिशीवाले काउबॉय नव्हते. पहिले दोन तास कोणी पिस्तुलाला हातही लावला नाही. फळ्यावर चार नियम लिहिले होते. अमेरिकेत हे नियम जेफ कूपर यांच्या नावाने ओळखले जातात. त्यांनी १९७६ साली ॲरिझोनात नेमबाजीचं प्रशिक्षण केंद्र काढलं. नियम असे: प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे नक्की ठाऊक असू द्या. मला आजोबांची आठवण झाली. त्यांच्या 'आरपार दिसतंय ना?'मध्ये यातला पहिला नियम होताच.

मग सामानाची तपासणी. नवऱ्याचं ते मऊ होल्स्टर प्रशिक्षकांनी दोन बोटांत धरून दाबलं, तसं ते चिपाडासारखं चेपलं. "हे परत पाठवा," ते म्हणाले. कारण साधं आहे. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही त्याचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ कापडाची घडी पिस्तूल आत सरकवताना चापात अडकली, तर गोळी आपल्याच मांडीत. त्यांनी कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकचं होल्स्टर उसनं दिलं. हातमोजे आणि गुडघ्यांची पॅडं दोन्ही दिवस गाडीतच राहिली. जाड पट्टा मात्र कामाचा निघाला, साध्या पट्ट्यावर पिस्तुलाच्या वजनाने पँट घसरते.

माझे मफ सगळ्यांना आवडले. पिस्तुलाचा आवाज साधारण १६० डेसिबल असतो, आणि १४० च्या पुढे एकाच आवाजातही कानाला कायमची इजा होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक मफमध्ये माणसाचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं आणि मोठा आवाज मात्र दाबला जातो. आत फोमचे बोळेही घालायचे. शिकताना सूचना ऐकू येणं ही चैन नव्हे, तीच सुरक्षितता आहे.

माझी चूक कपड्यांत झाली. मी मोठ्या गळ्याचा टी-शर्ट घालून गेले होते. तिसऱ्याच गोळीला तापलेली पितळी पुंगळी उडाली ती थेट गळ्यात, मंगळसूत्राला अडकून बसली. चटका असा की नाचावंसं वाटतं. पण हातात भरलेलं पिस्तूल! "नळी समोर! आधी नळी समोर!" प्रशिक्षक ओरडले. मी दात-ओठ खाऊन पिस्तूल समोर धरलं, बोट बाहेर काढलं, खाली ठेवलं आणि मगच नाचले. दुसऱ्या दिवशी बंद गळ्याचा शर्ट, आणि मंगळसूत्र पर्समध्ये.

पिस्तूल रिकामं करणं आम्ही पन्नास वेळा तरी केलं असेल. क्रम महत्त्वाचा: आधी मॅगझिन काढायचं, मग वरची स्लाइड मागे ओढून अडकवायची, मग आत डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. उलटा क्रम केला तर आतली गोळी बाहेर पडते, पण मॅगझिनमधली दुसरी लगेच तिची जागा घेते. 'रिकामं आहे असं वाटलं' म्हणून झालेले कितीतरी अपघात असेच होतात. स्लाइड ओढायला मला ताकद पुरेना. निवृत्त शिक्षिकेने युक्ती सांगितली: एका हाताने स्लाइड वरून घट्ट धर आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण दोन्ही हातांनी उघडतो तसं. जमलं!

डोळे मिटण्यावरही उपाय होता. प्रशिक्षकांनी मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत मधूनच खोटी गोळी घातली, कुठली कुठे ते मला न सांगता. खोटी आली की नुसता 'खट' आवाज, पण माझा हात मात्र धसका घेऊन खाली जायचा. स्वतःची भीती अशी उघडी पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दुपारपर्यंत हात स्थिर झाला. सात यार्डांवरून माझ्या दहातल्या आठ गोळ्या वर्तुळात. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य आणलं. त्यांनी किती वर्षं श्वास रोखला असेल, याचा थोडासा अंदाज आला. खोटं कशाला बोलू, मजा आली.

जेवणाआधी सगळ्यांना थंड पाणी आणि साबणाने हात धुवायला लावलं, कारण गोळीबारात शिशाची धूळ हातावर बसते. माझ्या थालीपिठांची चव पाद्रीबुवांनीही घेतली.

दुसऱ्या दिवसाची दुपार मात्र वेगळी होती. प्रशिक्षकांनी पिस्तुलं बाजूला ठेवून खुर्च्या गोल मांडल्या. "घरात शस्त्र का ठेवायचंय?" एकेकाला विचारलं. नवऱ्याने चोरीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी दारं, दिवे, अलार्म. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. रात्री चाहूल लागली तर सगळ्यांनी एका खोलीत जाऊन दार लावायचं आणि ९११. पिस्तूल हे त्या यादीत सगळ्यात शेवटी. वस्तूंसाठी माणूस मारायचा नसतो, आणि अंधारात दिसलेला माणूस तुमचाच मुलगा असू शकतो."

मग त्यांनी एक आकडा सांगितला. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. "त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर बरंच ठरतं. तो क्षण टळला तर बहुतेक माणसं पुढे जगतात. घरात कोणी खचलेलं असेल, विशेषतः वाढत्या वयाचं मूल, तर शस्त्र घराबाहेर ठेवा. नुसतं कुलूप नको. मुलांना सगळ्या किल्ल्या कुठे असतात ते माहीत असतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही. पण परतीच्या वाटेवर, चाळीस मैल न बोलता गेल्यावर, त्याने गाडी एका पेट्रोल पंपावर थांबवली आणि म्हणाला, "मला बाहेरच्याचीच भीती वाटत राहिली. तू आतल्याची काळजी करत होतीस, ते मला कळलंच नाही." एवढंच. मग कॉफी घेऊन आला.

आमचा निर्णय असा झाला. पिस्तूल विकलं नाही, पण घरीही आणलं नाही. आम्ही सरावाला जातो त्या रेंजवर लॉकर भाड्याने मिळतो, तिथे ते असतं. लॉकरची किल्ली त्याच्याकडे, गोळ्यांच्या पेटीची माझ्याकडे. आजीच्या कमरेची किल्ली आठवून मीच हे सुचवलं. महिन्यातून एकदा दोघे जातो, नेम धरतो, बाहेर जेवतो. धाकटी कॉलेजला गेली की पुन्हा विचार करू. तुमचा निर्णय कदाचित वेगळा असेल. पण घरी ठेवणार असाल तर कुलपात, रिकामं, गोळ्या वेगळ्या. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा कायद्यानेच गुन्हा आहे.

आणखी एक सवय लागली. धाकटी मैत्रिणीकडे राहायला निघाली की मी तिच्या आईला ॲलर्जी, कुत्रा, स्विमिंग पूल यांच्याबरोबर हेही विचारते, "घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना?" पहिल्यांदा जीभ अडखळली. आजवर एकही आई रागावली नाही. एकीने तर फोन ठेवल्यावर लगेच कुलूप आणलं. आणि घरात कोणाचं मन फार खाली गेलं असेल तर ९८८ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. दिवसरात्र कोणीतरी फोन उचलतं.

कोर्सच्या शेवटच्या तासात नर्सबाईंनी रक्तस्राव थांबवायचा पट्टा, टूर्निके, बांधायला शिकवलं. हात किंवा पाय जोरात वाहत असेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, पट्टा बांधायचा, काडी पिळत जायची, रक्त थांबेपर्यंत, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. डॉक्टरांपर्यंत पोचेतो सैल करायचा नाही. एवढी सगळी खरेदी झाली, त्यात तीस डॉलरचा हा पट्टा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गाडीच्या अपघातात, बागेतल्या करवतीच्या जखमेत, कुठेही उपयोगी पडणारा.

तसे दोन पट्टे आम्ही मंडळाच्या प्रथमोपचार पेटीत ठेवले आहेत. यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळानंतर अर्धा तास नवरा ते बांधायला शिकवणार आहे. जरूर थांबा. आणि घरातून निघताना दिवे लावून, अलार्म चालू करून या. पाटल्या लॉकरमध्येच असू द्यात.