अर्धी राहिलेली गोधडी

कोकणातून इस्राएलला आलेल्या काही घरांत आजी-पणजीने जोडलेला गोधडीचा वरचा थर पेटीत तसाच पडून आहे. तुकडे वेडेवाकडे, एक कड लांब, मधे फुगा. उसवून सरळ करावेसे वाटते. करू नका. जुन्या लुगड्याचे विरलेले सूत टाके काढतानाच फाटते, आणि तिच्या हातचा टाकाही जातो.

आधी तो घरातल्या मोठ्यांपुढे पसरा. कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे सांगणारे माणूस आहे तोवर लिहून घ्या. मग ओले पांढरे फडके प्रत्येक रंगावर हलके दाबून पाहा. रंग उतरला तर धुऊ नका. नाही उतरला तर थंड पाण्यात हातानेच धुवा आणि सावलीत आडवा वाळवा. इथल्या उन्हात जुने रंग उडतात.

फाटका तुकडा कापू नका, वरून ठिगळ लावा. आत जुनी सुती चादर उत्तम. लोकरीचे ब्लँकेट घालणार असाल, तर कापडात किंवा दोऱ्यात लिनन नाही ना, हे बघा, नाहीतर शाटनेझ होईल. सूत आणि लोकर एकत्र चालते.

सगळे थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून मग धावदोरा घाला. दोरा सुतीच हवा. पॉलिएस्टरचा चिवट दोरा जुन्या कापडाला कापतो. फुगा जवळजवळच्या टाक्यांत थोडाथोडा वाटून टाका. चुणी पडलीच तर पडू दे, पांघरताना कोण बघतो! लांब कडेवर अस्तर दुमडून शिवा आणि मागे कोपऱ्यात दोन नावे भरा, जोडणारीचे आणि पुरी करणाऱ्याचे.